धाकट्या दिराला टीबी निघाला. ताट वेगळं केलंय, पुढे काय करू?

पांदणवाट | १२ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. दोन वर्षं इथे फक्त वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, माझी दोन मुलं (मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीनचा), लग्नाची नणंद आणि धाकटे भाऊजी. भाऊजी सत्तावीस वर्षांचे आहेत. दिवाळीपासून त्यांना खोकला होता. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांनी कापसाच्या कचऱ्यावरच ढकललं. तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात तीनदा नेलं. दर वेळी खोकल्याची बाटली, एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या. दोन महिने खोकला असूनही बेडका तपासायचं तिथे कुणी काढलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही याचं फार वाईट वाटतं. संध्याकाळी अंग तापायचं. ऐन थंडीत रात्री घामानं गोधडी ओली व्हायची. पँट कमरेला राहीना म्हणून सुतळी बांधत होते, ते मी पाहिलं आणि आशाताईला सांगितलं. तिनं बेडक्यासाठी डबी दिली. तिसऱ्या दिवशी फोन आला, टीबी आहे.

गोळ्या सुरू झाल्या. घरात मात्र सगळं बदलून गेलं. सासूबाईंनी भाऊजींचं ताट, गडवा, पेला वेगळा केला. ओळखू यावा म्हणून ताटाच्या कडेला खिळ्यानं फुली मारली. "लेकरं हायेत घरात, तुले समजत नाही काय?" म्हणाल्या. भाऊजींची खाट मागच्या खोलीत हलवली. तिथे भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस आहे, छताला टेकेल एवढा. एकच खिडकी, तीही कापसामागे बुजलेली. मुलं जाऊ नयेत म्हणून दार लोटलेलं असतं. आणि परवा कळलं की माझी मुलगी सगळे झोपले की काकाजवळ जाऊन बसते, दोघं मोबाइलवर काही तरी बघत असतात.

मला विचारायचंय: ताटानं होतो का? मुलांचं काय करू? आमच्या घरात आजवर कुणालाच नव्हता, मग यांना कुठून आला? आणि नणंदेचं लग्न मे महिन्यात आहे, तिकडच्यांना सांगायचं की नाही?

काचपट्टी | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, आधी दोन कामं आज करा, बाकीचं सावकाश वाचा. भाऊजींना त्या खोलीतून बाहेर काढा. आणि ते ताट बाकीच्या भांड्यांत परत मिसळा.

मी ग्रामीण रुग्णालयात लॅबमध्ये आहे. चौदा वर्षं हेच काम करतोय. पूर्वी आम्ही बेडका काचेवर पसरून त्यावर लाल रंग टाकायचो, खालून वाफ निघेस्तोवर तापवायचो, मग वरून ॲसिड ओतायचो. साध्या जंतूंचा रंग ॲसिडनं धुऊन जातो. टीबीच्या जंतूला मेणचट आवरण असतं, त्यात बसलेला रंग ॲसिडलाही सुटत नाही. नंतर निळा रंग द्यायचा आणि दुर्बिणीखाली बघायचं. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकड्या लाल काड्या दिसतात. कधी एकट्या, कधी दोन-तीन एकमेकींना चिकटून. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. जर्मनीत रॉबर्ट कॉखनं १८८२ सालच्या २४ मार्चला हाच जंतू जगासमोर मांडला, म्हणून २४ मार्च हा क्षयरोग दिन.

या काड्या माणसामाणसांत जातात त्या हवेतून. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा अतिशय सूक्ष्म थेंब उडतात. जड थेंब खाली पडतात. बारीक थेंबातलं पाणी हवेतच सुकतं, आणि उरलेला कण जंतू घेऊन तासन् तास तरंगत राहतो. मोकळ्या हवेत तो पांगतो आणि उन्हात जंतू मरतो. बंद, अंधाऱ्या खोलीत तो तसाच राहतो. म्हणजे तुमच्या घरात जे केलंय ते नेमकं उलटं झालंय. ज्यातून पसरत नाही ते वेगळं केलं आणि ज्यातून पसरतो ती हवा कोंडून ठेवली. त्या कोंडलेल्या हवेत रात्री मुलगी जाऊन बसते.

खाट छपरीत टाका. थंडी आहे, दोन ब्लँकेट जास्त द्या. पहिले काही आठवडे त्यांनी तोंडाला दुपट्टा किंवा मास्क लावावा. बेडका झाकणाच्या डब्यात, त्यात थोडं फिनाइल घालून.

धुऱ्यावरचा | १३ जानेवारी, सकाळी ९.०२

काचपट्टी, माझं वय एकाहत्तर आहे, तेव्हा शंका विचारली तर रागावू नका. बेडक्यात जंतू असतात हे तुम्हीच म्हणता. मग उष्ट्या पेल्याला बेडक्याचा अंश लागणारच की. तो पेला दुसऱ्यानं तोंडाला लावला तर काहीच होत नाही, हे मनाला पटत नाही. आमच्या लहानपणी चुलत्यांना क्षय झाला होता. त्यांचं भांडं गोठ्याच्या खुंटीला टांगलेलं असायचं. आजी वरून पाणी ओतायची, खाली ते ओंजळ धरायचे. ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. चुलते गेले. पण घरात आणखी कुणाला झाला नाही, म्हणून ते भांडं वेगळं ठेवल्यानंच आम्ही वाचलो असं आम्ही आजवर मानत आलो.

ओपीडीनंतर | १३ जानेवारी, दुपारी ३.३०

काका, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी डॉक्टर आहे, हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जातो.

या जंतूला मूळ धरायला फुप्फुसाच्या अगदी तळाशी, हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचावं लागतं. तिथे पोचतो तो फक्त हवेत तरंगणारा अतिसूक्ष्म कण. पेल्याच्या कडेला लागलेली थुंकी पोटात जाते, फुप्फुसात जात नाही. शिवाय ती परत कण होऊन हवेत उडत नाही. म्हणून ताट, पेला, कपडे, अंथरूण, हात मिळवणं यांतून टीबी पसरत नाही. पोटातून जाणारा एक प्रकार आहे, गाईम्हशींचा टीबी कच्च्या दुधातून येतो, पण आपल्याकडे दूध सहसा उकळूनच पितात. तेवढी सवय मोडू नका.

आणि तुमचे चुलते. त्यांचं भांडं गोठ्यात होतं, तेव्हा बहुधा खाटही तिकडेच, उघड्यावर असेल. तुम्हाला वाचवलं असेल तर त्या मोकळ्या हवेनं.

एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच देशातली. १९५६ च्या सुमारास मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास दवाखान्यात ठेवलं, काहींना गरीब वस्तीतल्या त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून औषध दिलं. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. कारण लागण मुख्यतः औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. गोळ्या लागू पडल्या की फार लवकर पसरणं कमी होतं. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि सगळ्या जगानं सॅनेटोरियम सोडून घरच्या उपचाराचा रस्ता धरला.

पांदणवाटताई, तुमच्या भाऊजींकडून ज्यांना लागण व्हायची असेल ती दिवाळी ते जानेवारी या काळात झाली असेल. तेव्हा आता त्यांना कोंडून काही मिळणार नाही. आता घरातल्या प्रत्येकाची तपासणी करायची आहे.

संत्राबाग | १३ जानेवारी, रात्री ८.१०

पण घरात कुणाला नसताना त्यांना आला कुठून, हे कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे म्हणतात बिडी-गुटख्यानं होतो. माझ्या मावशीला मणक्याचा टीबी होता, ती तर तंबाखूला शिवत नव्हती. तिच्यापासून आम्हाला होऊ शकतो का?

काचपट्टी | १३ जानेवारी, रात्री ९.५५

मावशींपासून नाही. मणका, मानेच्या गाठी, गर्भाशय, मेंदूचं आवरण, कुठेही टीबी होऊ शकतो. नखं आणि केस तेवढे सुटले. पण फुप्फुसात नसेल तर तो खोकल्यातून बाहेर पडत नाही. मात्र मावशींना तो कुणाच्या तरी खोकल्यातूनच आला होता, बहुधा कितीतरी वर्षं आधी.

हे समजायला शेताकडे बघा. कुंदा या तणाची गाठ जमिनीत पडून असते. वर काही दिसत नाही, वखर फिरतो, पीक निघतं. पाऊस आणि मोकळी जागा मिळाली की ती फुटते. टीबीचा जंतू तसाच. तो फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत घालतं आणि तो आत पडून राहतो. अशा माणसाला खोकला नसतो, त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही, त्याला स्वतःलाही कळत नाही. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येत असा जंतू असावा असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष आजार होतो. भिंत ढासळली की. ढासळते कशानं? उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू, दगडखाणीतली धूळ. बिडीनं टीबी होत नाही, जंतूशिवाय टीबी नाही. पण बिडी भिंत पोखरते.

म्हणून भाऊजींना कुठून आला याचा शोध घेत बसू नका. एसटीत शेजारी बसलेला असेल, जिनिंगमधला असेल, दहा वर्षांपूर्वीचा वर्गातला कुणी असेल. कुणाच्याही घराण्यावर बोट ठेवू नका.

बोरकाठ | १४ जानेवारी, पहाटे ५.२०

झोप येत नव्हती म्हणून लिहितो.

मला २०१४ मध्ये झाला. दोन महिन्यांत खोकला गेला, भूक लागली, अंगात रग आली. सोयाबीनची काढणी होती. गोळ्यांनी मळमळायचं, वाटलं आता काय गरज, सोडल्या. आठ महिन्यांनी परत खोकला, या वेळी बेडक्यात रक्त. तपासणीत निघालं की नेहमीची औषधं लागू पडणार नाहीत. त्या काळी त्या टीबीचा उपचार दोन वर्षांचा होता, त्यात सहा महिन्यांच्या वर रोज इंजेक्शन. कुल्ल्याला बसायला जागा उरली नव्हती. त्या इंजेक्शननं माझा उजवा कान गेला. आता बायको डाव्या बाजूला बसून बोलते.

भाऊजींना हे वाचून दाखवा. बरं वाटतं तोच धोक्याचा महिना.

ओपीडीनंतर | १४ जानेवारी, सकाळी ८.४५

बोरकाठ, लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

असं का होतं ते सांगतो. जुलाबाचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात. बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूवर मारा करतात, झोपलेल्यावर नाही. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतो, त्यात उघड्यावरची फौज मरते आणि माणसाला बरं वाटतं. पुढचे चार महिने तीन औषधं, ती कोपऱ्यात दबून बसलेल्यांसाठी. मध्येच सोडलं की उरतात ते चिवट, आणि मग त्यांचीच प्रजा वाढते. तो चिवट जंतू पुढे दुसऱ्याच्या फुप्फुसात गेला तर त्या माणसाला पहिल्या दिवसापासून औषध लागू पडत नाही. आता मशीनवर बेडका लावला की दोन तासांत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही कळतं. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधी टीबीतही आता बऱ्याच जणांना सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार मिळतो. कान घेणारं इंजेक्शन मागे पडलं.

पांदणवाट | १४ जानेवारी, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. आज संक्रांत. सकाळी मी हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बोरकाठदादांचं वाचताना सासरे उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं आले आणि म्हणाले, "कापूस हलवा." चार जणांनी दुपारपर्यंत कापूस अलीकडच्या खोलीत ओढला. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली आहे. खिडकीचा अडसर गंजला होता, हातोडीनं काढावा लागला. भाऊजींची खाट छपरीत आहे.

ताटाचं मात्र जमलं नाही. सासूबाई ऐकत नाहीत. आणि एक नवीन भीती: भाऊजींची लघवी आज सकाळपासून लालसर-केशरी होते आहे. सासूबाई म्हणतात गोळ्यांनी आतून रक्त सुटलं, बंद करा.

गावातली_आशा | १४ जानेवारी, रात्री ११.२०

बंद करू नका!! ते रक्त नाही. रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, लघवी, घाम, कधी डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं. मी तर लघवी केशरी आहे का विचारूनच ओळखते, गोळी पोटात गेली की उशीखाली. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, दिसायला अंधुक झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. हातापायाला मुंग्या आल्या तरी सांगायचं, त्यावर व्हिटॅमिनची गोळी असते.

गावातली_आशा | १५ जानेवारी, दुपारी १.४०

काल घाईत लिहिलं, आज नीट सांगते. मीही यवतमाळकडचीच, पण ताईंच्या गावची नाही.

मुलांचं. दोघांनाही आरोग्य केंद्रावर न्या. वजन, छातीचा फोटो, खोकला-ताप आहे का, सगळं बघतील. आजार निघाला तर उपचार. नाही निघाला तर आजार होऊ नये म्हणून गोळ्या देतात, फुकट. तीन वर्षांच्या बाळाच्या बाबतीत आजचं उद्यावर नेऊ नका. पाचच्या आतल्या मुलांत टीबी झटकन मेंदूपर्यंत जातो. बीसीजीची लस टोचलेली असेल, तिचा बाळाला अशा भारी आजारापासून आधार असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. मोठ्यांनीही तपासून घ्यायचं, सासूबाईंनीसुद्धा.

भाऊजींचं वजन किती? ३५ ते ४९ किलोत असतील तर रोज तीन गोळ्या, पन्नाशी गाठली की चार. म्हणून दर महिन्याला वजन करायचं. बँकेचं पासबुक आणि आधार नेऊन द्या, टीबीच्या रोग्यांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये मिळतात. आधी पाचशे होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले.

त्या पैशाचं खाणंच आणा. झारखंडात चार जिल्ह्यांत मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. रोग्याच्या घरच्या माणसांना महिन्याचं धान्य-डाळ पुरवलं, तर त्या घरांत नवीन टीबी जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाला. नुसत्या खाण्यानं! आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा मी रडले. माझ्या भागात टीबीच्या यादीत तिसरं नाव लागलेलं एक घर आहे, त्या घरात डाळ आठवड्यातून एकदा शिजते. तुरीचं वरण रोज, शेंगदाणा, अंडं चालत असेल तर अंडं. महागड्या डब्यातली पावडर नको.

लग्नाचं मी सांगायला नको, पण विचारलंत म्हणून. नणंदेला आजार नाही. तपासून घ्या, कागद हातात ठेवा. एक गोष्ट बायकांसाठी: टीबीच्या गोळ्या चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा भरवसा धरू नका. रिफाम्पिसिन त्यांचा असर घालवतं. डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन घ्यायचं. माझ्याकडे एका बाईला असेच दिवस गेले होते, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

धुऱ्यावरचा | १५ जानेवारी, सायंकाळी ६.३०

डॉक्टर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. खाट गोठ्यातच होती. बरोबर ओळखलंत.

चुलते गेले तेव्हा औषध निघालेलं होतं, आमच्यापर्यंत पोचलं नाही एवढंच. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयानंच गेल्या. डॉक्टर होऊन आल्या होत्या, पण तेव्हा जगात कुठेच औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन निघालं १९४३ मध्ये. आज गावात आशाताई गोळी घेऊन दारात येते. पांदणवाटबाई, तुमच्या सासूबाईंना माझा फोन जोडून द्या. माझ्या वयाच्या माणसाचं ऐकतील कदाचित. माझ्या आजीचं सांगीन त्यांना.

पांदणवाट | १९ जानेवारी, दुपारी ४.००

काकांशी सासूबाई अर्धा तास बोलल्या. मला जवळ उभं राहू दिलं नाही. संध्याकाळी मी भांडी घासत होते, त्या आल्या, फुलीचं ताट उचललं आणि स्वतः त्यात जेवायला बसल्या.

बाळाच्या गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांच्या. मुलीचा फोटो चांगला आला, तिलाही सुरू करणार आहेत. मिस्टरांचं, नणंदेचं झालं. सासूबाई मात्र तपासायला तयार नाहीत, म्हणतात मला काय झालंय.

पांदणवाट | २१ मार्च, रात्री ९.५०

धागा वर आणतेय. दोन महिने झाले. भाऊजींच्या बेडक्यात जंतू नाही. वजन ४१ होतं, आता साडेचव्वेचाळीस. चार औषधांची पट्टी बदलून तीन औषधांची मिळाली, गोळ्या तीनच. बोरकाठदादा, तुमचा प्रतिसाद त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय. कापूस शेवटी फेब्रुवारीत सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला दिला. लग्नाच्या घरी नणंदेनं स्वतः सांगितलं. त्यांच्याकडच्या आजोबांना होऊन गेलेला निघाला.

आणि सासूबाईंना गेल्या आठवड्यात आशाताईनं जवळजवळ ओढतच नेलं. फोटो चांगला, बेडका निगेटिव्ह. साखर मात्र २८० निघाली. ओपीडीनंतर, तुम्ही मधुमेहाचं आणि टीबीचं काही सांगू शकाल का? त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या द्यायच्या म्हणतात, साखरेच्याही चालू होणार. दोन्ही बरोबर घ्यायच्या की वेळ वेगळी ठेवायची?